समुद्र इतका जवळ असताना सांडपाणी प्रक्रिया केंद्र कशाला? मुंबईसारखा लांब पाइप टाकून भागणार नाही का?

तुमच्या नगरपालिकेत सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा प्रस्ताव आलाय, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा मैलापाणी पाइपने थेट समुद्रात सोडलं तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका किनाऱ्यावरच्या केंद्रावर नऊ वर्षं ऑपरेटर होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मुंबईचं. वरळी आणि वांद्र्याला वर्षानुवर्षं जाळीवर कचरा अडवायचा, रेती खाली बसवायची आणि बाकी सगळं समुद्रात तीन-साडेतीन किलोमीटर आत सोडायचं, एवढंच होत आलं. पण आता तीच मुंबई वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला 2464 दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रं बांधतेय. मुंबईलाच जे पुरलं नाही, ते आपण कशाला उचलायचं?

शिवाय तुमच्याकडे खुला समुद्र नाही, खाडी आहे असं तुम्हीच लिहिलंय. ओहोटीला गेलेलं पाणी भरतीला बरंचसं परत येतं. आणि खाडीत तिसऱ्या, कालवं असे खायचे शिंपले असतात. ती पाणी गाळूनच खातात, म्हणजे मैल्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात आणि तिथून आपल्या ताटात येतात. माझ्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे.

तेव्हा केंद्र हवंच. पण किनाऱ्यावरच्या केंद्राचं खरं दुखणं टाकीत नसतं, जमिनीखालच्या पाइपात असतं. आमची मुख्य वाहिनी खाडीच्या कडेने गेलेली. सांधे जुने. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आलं की खारं पाणी सांध्यांतून आत शिरायचं. प्रक्रिया करतात ते जिवाणू. मीठ कायम सारखं असेल तर ते हळूहळू सरावतात, पण दर पंधरवड्याला वर-खाली झालं की कोलमडतात.

आम्ही रोज सकाळी एक साधी चाचणी करायचो. एअरेशन टाकीतलं, म्हणजे जिथे हवा सोडून हे जिवाणू जगवतात त्या टाकीतलं, पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास हलवायचं नाही. चांगल्या दिवशी चॉकलेटी गाळ अडीचशे-तीनशे मिलीच्या खुणेपर्यंत खाली बसतो, वर नितळ पाणी, आणि वास पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा. उधाणानंतर मात्र वरचं पाणी दुधट, बारीक कण तरंगतायत, गाळ बसायलाच तयार नाही. ते पाणी तसंच पुढे खाडीत जायचं. टाकीत हवा सोडणारी यंत्रं, म्हणजे ब्लोअर, कितीही चालवले तरी उपयोग नाही. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो. सांधे बदला म्हणून वरिष्ठांना मी तीन वेळा लेखी दिलं. नवीन ब्लोअर आले, सांधे तसेच राहिले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

खाऱ्या पाण्याचा दुसरा त्रास वासाचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. हवा नसलेल्या गटारात जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू करतात, तोच सडक्या अंड्यांचा वास. पाइपाच्या छताला त्याचं आम्ल होऊन काँक्रीट खाल्लं जातं. आणि मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस याच वायूने दगावतो. 2013 च्या कायद्याने पुरेशा संरक्षणाशिवाय माणूस आत उतरवायला बंदी आहे, तरी हे थांबलेलं नाही. तुमच्या गावात असं कुणाला उतरवताना दिसलं, तर तिथेच अडवा.

सभेला जाल तेव्हा केंद्राच्या चित्रांवर वेळ घालवू नका. किती घरांची जोडणी प्रत्यक्ष होणार ते विचारा. घरांचं पाणी उघड्या नाल्यातूनच वाहत राहिलं तर केंद्र नुसतं उभं राहील. वाहिन्या भरतीच्या रेषेखालून जातायत का आणि खारं पाणी अडवायला झडपा आहेत का, तेही विचारा. वीज गेली तर ब्लोअर जनरेटरवर चालतील का, गाळ कुठे जाणार, हेही.

आणि केंद्र सुरू झालं की उधाणाच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल मागा. भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांतले आकडे आमचेही चांगलेच यायचे.