लाल समुद्रातील हल्ले थांबल्यावरही जहाजे सुएझमार्गे लगेच का परतत नाहीत?

शस्त्रसंधी जाहीर झाला म्हणून विमा कंपनी त्यावर विसंबत नाही, हे यामागील मुख्य कारण आहे. जानेवारी 2025 मध्ये गाझात शस्त्रसंधी झाल्यावर येमेनमधील हूथी बंडखोरांनी जहाजांवरील हल्ले आवरते घेण्याची घोषणा केली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे लागोपाठ बुडवली. आफ्रिकेला वळसा घालण्यात दहा-बारा दिवस आणि तेवढे इंधन जास्त जाते, तरीही कंपन्या तो खर्च सोसतात. खरा फटका इजिप्तला बसला: कालव्याचे उत्पन्न 2023 मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर होते, ते 2024 मध्ये चार अब्जांच्या आसपास आले.

मी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे, त्यामुळे पुढचे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोमाली चाच्यांच्या काळात आम्हाला शिकवले होते की धोका दिसताच सर्वांनी इंजिनरूमच्या बाजूला आत कोंडून घ्यायचे. जून 2024 मध्ये स्फोटकांनी भरलेली बोट ‘ट्यूटर’ या जहाजाच्या मागच्या भागावर आदळली, इंजिनरूममध्ये पाणी शिरले आणि तिथला एक खलाशी प्राणास मुकला. त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या जहाजाला लाल समुद्राच्या दक्षिण टोकावरील बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून जाण्याचा आदेश आला. माझ्या हाताखालच्या तरुण ऑइलरने (इंजिनरूममधील खलाशाने) नकार देण्याचे ठरवले. करारानुसार त्याला तो हक्क होता, कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचाही होता. जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या मॅनिंग एजन्सीच्या माणसाने मात्र त्याला फोनवर ऐकवले, की पुढच्या वेळी तुझ्या नावाचा विचार करणे अवघड जाईल. घरी बहिणीच्या लग्नाचे कर्ज होते. मुलगा गप्प बसला आणि आमच्यासोबत आला. ते दोन दिवस मी त्याला खाली इंजिनरूममधल्या वॉचवर (पाळीवर) पाठवले नाही, स्वतः उभा राहिलो. आम्ही सुखरूप पार झालो, पण म्हणून तो आदेश योग्य ठरत नाही.

माझे मेहुणे अजूनही म्हणतात, की दुप्पट पगार घेता मग तक्रार कसली? तो दुप्पट पगार मूळ वेतनाचा आणि त्या पट्ट्यातील मोजक्या दिवसांपुरता असतो, आणि ज्या नकाराची किंमत पुढचे काँट्रॅक्ट असते त्याला मी हक्क मानत नाही. नौवहन खात्यांनी या फोनवरच्या धमक्यांची चौकशी करायला हवी.

सगळ्याच कंपन्या अशा नाहीत, हेही नमूद करतो. मोठ्या कंटेनर कंपन्यांनी डिसेंबर 2023 पासूनच आपली बहुतेक जहाजे केपमार्गे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, वळवली होती. तुमच्या घरातील कोणी जहाजावर असेल आणि त्याला त्या मार्गाने जायचे नसेल, तर त्याने नकार कॅप्टनला ईमेलने कळवावा, युनियनला प्रत पाठवावी आणि एजन्सीशी फोनवर काहीही ठरवू नये.