तपासणीत पास झालेला जॉब जुळणीत का अडतो?

प्रश्न : आमच्या कारखान्यात प्रत्येक शाफ्ट ड्रॉइंगप्रमाणे तपासला जातो आणि टॉलरन्सबाहेरचा (मापात चालणाऱ्या ठरावीक फरकाबाहेरचा) जॉब, म्हणजे तयार केलेला भाग, रिजेक्ट होतो. तरीही काही शाफ्ट बुशमध्ये (शाफ्ट ज्यात बसतो त्या पोकळ नळीत) घट्ट बसतात आणि काही ढिले राहतात, अशी जुळणी विभागाची तक्रार असते. मग गुणवत्ता नेमकी कशाला म्हणायची?

उत्तर : आपण आणि जुळणी विभाग, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहात. ठरवून दिलेल्या अपेक्षांची पूर्तता म्हणजे गुणवत्ता, असे गुणवत्तातज्ज्ञ फिलिप क्रॉस्बी मानत असत, तर त्याच क्षेत्रातले जोसेफ जुरान यांनी वापरासाठीच्या योग्यतेवर भर दिला. आपला विभाग पहिल्या कसोटीवर उतरतो, पण तक्रार दुसऱ्या कसोटीवरची आहे.

समजा, शाफ्टचा व्यास २४.९८ ते २५.०२ मिमी आणि बुशचा बोअर (आतल्या भोकाचा व्यास) २५.०३ ते २५.०७ मिमी ठरलेला आहे. कमाल मापाचा शाफ्ट किमान बोअरमध्ये गेला, तर मोकळीक ०.०१ मिमी राहते. किमान शाफ्ट कमाल बोअरमध्ये गेला, तर तीच ०.०९ मिमी होते. चारही भाग पास असूनही मोकळीक नऊपट बदलते. टॉलरन्सच्या आतले सगळे सारखेच चांगले, ही समजूत येथे चुकते. जपानी अभियंते गेनिची तागुची यांच्या मांडणीनुसार नुकसान मर्यादा ओलांडल्यावर अचानक सुरू होत नाही, तर माप अपेक्षित मूल्यापासून दूर जाऊ लागताच सुरू होते आणि त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते.

म्हणून मापे केवळ 'पास' किंवा 'रिजेक्ट' अशी न नोंदवता, जॉब ज्या क्रमाने मशीनवरून उतरले त्या क्रमाने आकड्यांत नोंदवावीत. भाग मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणाऱ्या गो-नोगो गेजवर हे दिसणार नाही. मायक्रोमीटर हाती घ्यावा लागेल. लेथवर बाहेरचा व्यास कापताना टूल झिजत जाते, तसा व्यास थोडाथोडा वाढतो, आणि ही चढण जॉब मर्यादेबाहेर जाण्याच्या पुष्कळ आधी आलेखावर दिसू लागते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली मांडलेला नियंत्रण आलेख याच कामासाठी आहे. ठरावीक वेळाने सलग पाच जॉब मोजून त्यांची सरासरी आणि कमाल-किमान मापांतील फरक त्यावर नोंदवतात. त्याच्या मर्यादा ड्रॉइंगवरून न घेता प्रक्रियेच्या स्वतःच्या नोंदींवरून काढतात, आणि नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एखाद्या जॉबचे माप जरा इकडेतिकडे झाले की लगेच ऑफसेट (मशीनवर टूलच्या जागेची केलेली दुरुस्ती) बदलण्याची सवय अनेक कुशल कामगारांना असते. चढउतार नेहमीच्या मर्यादेत असेल, तर अशा प्रत्येक फेरफाराने मापांतील पसारा वाढतोच. ऑफसेट बदलायचा तो आलेख तसे सांगेल तेव्हाच.

प्रश्न : व्यवस्थापन म्हणते की महाग मिश्रधातू वापरला की गुणवत्ता वाढेल. हे खरे का?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या तक्रारीपुरते नाही. महाग धातूने मालाचा दर्जा वरच्या श्रेणीचा होईल, कदाचित झीजही कमी होईल. परंतु मापांतील पसारा तेवढाच राहिला, तर जुळणी विभागाची तक्रारही तेवढीच राहील, शिवाय प्रत्येक रिजेक्ट जॉब अधिक महागात पडेल. साध्या धातूचा, पण प्रत्येक वेळी २५.०० मिमीच्या जवळ राहणारा शाफ्ट मी अधिक गुणवत्तेचा मानतो. खर्च करायचाच असेल, तर आधी टूल बदलण्याचा कालावधी आलेखावरून निश्चित करावा, जॉब धरणाऱ्या चकची पकड आणि तो फिरवणाऱ्या स्पिंडलचा रनआउट (फिरताना मध्यापासून होणारे डगमगणे) तपासून घ्यावा, आणि बोअरच्या मापांचीही अशीच क्रमवार नोंद सुरू करावी, कारण मोकळीक दोन्ही भागांवर अवलंबून असते.