मोहिमेला आधी पंच, मग सैन्य

टेबलावरच्या युद्धखेळांबद्दल, म्हणजे वॉरगेमबद्दल, सांगली-मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून येणारे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात. कुणी टेबलाचं माप विचारतो, कुणी मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या सैनिक-बाहुल्यांच्या, बॉक्सची किंमत कळवतो, कुणी मित्राची तक्रार करतो. बहुतेकांच्या मुळाशी घोळ एकच असतो. सैन्य, नकाशा, फासे सगळं जमलेलं असतं, आणि हा खेळ चालवणार कोण हेच ठरलेलं नसतं. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (तासगाव): मोहीम खेळायला कमीत कमी किती जण लागतात?

तीन. दोघे खेळायला, एक पंच, म्हणजे दोघांचे हुकूम घेऊन खेळ चालवणारा. मोहीम म्हणजे एकाच नकाशावर फेरी-फेरीने चालणारी लढायांची मालिका.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): आमचं डायनिंग टेबल ५ बाय ३ फुटांचं आहे. त्यावर २८ मिलिमीटर उंचीच्या मिनिएचरचा डाव होईल का, की मोठं टेबल करून घ्यावं?

छोटा डाव होईल. २८ मिलिमीटरच्या पुऱ्या लढाईला ६ बाय ४ हे माप रूढ आहे. पण त्यासाठी नवं टेबल करून घर अडवू नका. प्लायवूड ८ बाय ४ मध्ये मिळतं. त्यातून ६ बाय ४ काढून त्याचे ३ बाय ४ चे दोन तुकडे करून घ्या. खेळताना ते डायनिंग टेबलावर जोडून ठेवायचे, एरवी कपाटामागे उभे करायचे. उरलेला २ बाय ४ चा तुकडा नियमपुस्तिका, फासे आणि बाद झालेल्या तुकड्या ठेवायला कामी येतो. चारही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट फळी बाहेर येईल, तेव्हा कडेवर कुणी रेलू नये. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, स्वस्त पडतं म्हणून घ्याल, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतील. जाडी किती घ्यायची आणि जोडाला खालून पट्टी कशी मारायची, हे सुताराला टेबल दाखवूनच विचारा.

जागाच नसेल तर १५ किंवा ६ मिलिमीटरकडे वळा. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी असेही नियम आहेत, ज्यांत प्रत्येक बाजूला फक्त १२ तुकड्या असतात आणि डाव २ बाय २ फुटांच्या पटावर तासाभरात निकाली निघतो.

प्रश्न (मिरज): ऑनलाइन विक्रेता म्हणतो, या एका बॉक्समध्ये दोघांना लागणारं सगळं आहे, आणि शेवटचे थोडेच शिल्लक आहेत. आम्ही पाच जण आहोत. प्रत्येकाने एकेक घ्यावा का?

अजिबात नको. अशा सुरुवातीच्या बॉक्समध्ये साधारणपणे दोन छोटी सैन्यं आणि आटोपशीर नियम असतात. पुढे पूर्ण नियमपुस्तिका, आपल्या सैन्याचं वेगळं पुस्तक आणि आणखी मिनिएचर घ्यावी लागतात. रंग, ब्रश, रंगाआधी द्यायचा प्रायमरचा हात बहुधा निराळेच. शिवाय पाच जणांनी तोच बॉक्स घेतला, तर पाचही घरी तीच दोन सैन्यं येणार. ‘शेवटचे थोडेच शिल्लक’ ही घाई तुमची नाही, विकणाऱ्याची आहे.

आवृत्त्यांचंही तसंच. वॉरहॅमर ४०,००० या लोकप्रिय युद्धखेळाच्या नव्या आवृत्त्या २०१७, २०२० आणि २०२३ साली आल्या. दर वेळी लोक घाबरून विचारतात, जुनी पुस्तकं वाया गेली का? स्पर्धेत उतरायचं असेल तर नवी घ्यावी लागेल. घरच्या गटावर कुणाची सक्ती नाही. पाचांचं एकमत असेल तर जुनीच आवृत्ती हवी तितकी वर्षं खेळा.

परदेशातून मागवणार असाल तर आणखी सावध राहा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्रही सक्तीचं झालं, त्यामुळे खेळणी म्हणून नोंदवलेलं पार्सल अडकू शकतं. दर आणि नियम बदलत असतात. मित्राच्या मित्राचं पार्सल कसं सुटलं यावर विसंबू नका. पैसे भरण्याआधी कुरियर कंपनीकडून किंवा कस्टम एजंटकडून लेखी उत्तर घ्या.

तोवर जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापा, त्यांवर ‘घोडदळ’, ‘पायदळ’, ‘तोफा’ लिहा आणि चार-पाच डाव खेळा. नियम आवडले नाहीत तर नुकसान फक्त पुठ्ठ्याचं.

प्रश्न (वाळवा): मित्राला सलग चार वेळा एकच पडला. फासा खोटा आहे का?

चार वेळांवरून काहीच ठरत नाही. चार फेकींत चारही वेळा एक पडण्याची शक्यता १२९६ मध्ये एक असते, आणि मोठ्या डावात फासे शेकडो वेळा पडतात. दोघांनी एकाच वाटीतले फासे वापरा.

प्रश्न (गावभाग, सांगली): गेल्या दिवाळीनंतर आम्ही सहा जणांनी मोहीम सुरू केली. कृष्णा-वारणा खोऱ्याचा नकाशा षटकोनांत आखला. तीन विरुद्ध तीन, बारा फेऱ्या. मी संयोजक आहे आणि एका बाजूचा सेनापतीही. तीन फेऱ्या झाल्या, आता दोघे हुकूमच पाठवत नाहीत. ग्रुपवर शांतता आहे. मोहीम पुन्हा कशी सुरू करावी?

पुन्हा सुरू करू नका, संपवा. येत्या रविवारी सहाही जणांना बोलवा, नकाशावर जे आहे ते पाहून कोण वरचढ ठरलं ते सगळ्यांनी मिळून ठरवा आणि मोहीम रीतसर बंद करा. अर्धवट लोंबकळणारी मोहीम पुढची मोहीमही होऊ देत नाही. हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही संयोजक आणि सेनापती दोन्ही आहात, म्हणजे शत्रूचे हुकूम तुमच्याच फोनवर येतात. तुम्ही कितीही सचोटीचे असा. ज्या दिवशी तुम्ही वारणेचा नेमका तोच उतार रोखून धरलात, त्या दिवशी समोरच्याच्या मनात आलंच असणार की, याला माझा बेत आधीच ठाऊक होता. मित्र असल्यामुळे तो तसं तोंडावर म्हणणार नाही. तो हुकूम पाठवायचा थांबेल.

पंच ही काही नंतर सुचलेली सोय नव्हे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी गेऑर्ग हाइनरिश फॉन राइसविट्झ याने वडिलांच्या खेळावरून आपला युद्धखेळ बेतला. त्याचा नकाशा १:८००० प्रमाणाचा होता आणि एक फेरी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत. समोरचं जेवढं आपल्या सैन्याला दिसलं असतं, तेवढंच पंच त्यांना दाखवी. पुढे लढाईचा निकाल काढायची कोष्टकं इतकी वाढली की खेळ जड झाला, तेव्हा १८७६ साली फेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने कोष्टकं बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा असं सुचवलं. म्हणजे खेळ हलका करतानाही त्याने पंच ठेवलाच. आपण मात्र सगळ्यात आधी त्यालाच वगळतो, कारण प्रत्येकाला सेनापती व्हायचं असतं.

दुसरं, वेळेचा हिशोब. तीन विरुद्ध तीन म्हणजे एका फेरीत तीन लढाया जुंपू शकतात. टेबल एक, आणि एका रविवारी लढाई एक. म्हणजे एका फेरीला तीन रविवार, बारा फेऱ्यांना ३६. मधे लग्नसराई आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, गणपती आहेत. आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की गावभागातल्या माणसाचं लक्ष कुठे असतं, हे मी सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ आपण पाहिलं आहे. मोहीम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवा. सहा फेऱ्या पुष्कळ झाल्या. दर फेरीला एकच लढाई टेबलावर घ्या, ती कोणती हे पंच ठरवेल. बाकीच्यांचा निकाल तो नकाशावरच लावेल.

एरवीही प्रत्येक लढाई टेबलावर मांडायची नसते. नकाशावर शहाणा सेनापती तिप्पट सैन्य जमवूनच गाठतो. त्यात त्याचं कौतुक आहे, पण रविवारची दुपार घालवून ती कत्तल खेळायला कमजोर बाजूचा मित्र का येईल? मांडायचीच असेल तर त्याला वेगळं उद्दिष्ट द्या: सहा चालींपर्यंत पूल धरला किंवा निम्मं सैन्य सुखरूप बाहेर काढलं की तो जिंकला. ज्याचं सैन्य पार मोडलं, त्यालाही काम हवं. त्याला किल्लेदार करा, नाहीतर मित्राच्या फौजेतलं घोडदळ त्याच्या हाती द्या.

हुकमांचं सांगतो. वार आणि वेळ ठरवा, उदाहरणार्थ बुधवारी रात्री दहा. हुकूम तीन ओळींपेक्षा मोठा नको. वेळेत आला नाही तर पंच आधीचाच हुकूम पुढे चालवेल, आधीचा नसेल तर फौज जागेवर राहील. आठवण करायची नाही, वाट पाहायची नाही. एकाच्या उशिरासाठी पाच जणांना थांबवलं की पुढच्या वेळी पाचही जण उशीर करतात.

रसदेचा हिशोब ठेवा, पण शेरा-पायलीचा नको. ‘भरपूर’, ‘तुटपुंजी’ आणि ‘तुटलेली’ या तीन स्थिती पुरतात. रसद अजिबात न ठेवणाऱ्यांना मी पानिपताची आठवण करून देतो. नोव्हेंबर १७६० पासून दोन्ही सैन्यं समोरासमोर तळ देऊन होती, डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीची उपासमार होऊ लागली, आणि १४ जानेवारी १७६१ ला मराठे बाहेर पडले ते उपाशी पोटी. ही उपासमार ज्या खेळात येत नाही, त्यात पानिपतही येत नाही.

राहता राहिला पंच कोण, हा प्रश्न. सर्वांत हुशार खेळाडूला करू नका. वेळेवर लिहिणारा, सगळ्यांना चालणारा सातवा मित्र शोधा. नाहीच मिळाला तर सहातल्या एकाने या मोहिमेपुरतं सेनापतिपद सोडावं, पुढच्या मोहिमेत दुसऱ्याने. हे सगळं एका पानावर लिहा आणि पहिली फेरी लागण्याआधी सहाही जणांना समोरासमोर बसवून, ग्रुपवर नव्हे, प्रत्येकाची हरकत विचारा.

प्रश्न (विटा): एक जण प्रत्येक नियमावर वाद घालतो. डाव संपतच नाही.

पाच मिनिटांत नियमपुस्तिकेतलं पान सापडलं नाही तर पंचाचा शब्द त्या दिवसापुरता अंतिम. पुस्तक डाव संपल्यावर उघडा.

प्रश्न (पलूस): आम्ही १७२८ ची पालखेडची लढाई टेबलावर मांडली. दोन्हीकडे सारख्या गुणांचं, म्हणजे खेळातल्या हिशोबाने समान ताकदीचं, सैन्य घेतलं, तरी रंगली नाही. सैन्याचे आकडे व्हॉट्सॲपवर आलेल्या एका लेखातून घेतले होते. कुठे चुकलं?

तीन ठिकाणी चुकलं. पालखेड ही टेबलावरची लढाई नव्हेच, ती नकाशावरची मोहीम आहे. निजाम पुण्यावर आला, तेव्हा बाजीराव पुणं राखायला न थांबता त्याच्याच मुलखात फिरत राहिले आणि औरंगाबादेला धोका निर्माण केला. निजामाला मागे फिरावं लागलं, घाईत जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या, आणि वैजापूरजवळ पालखेडला तो पाण्या-दाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला. यातलं काय ६ बाय ४ च्या फळीवर मांडणार? त्यात समसमान सैन्य घेऊन तुम्ही मोहिमेचा गाभाच काढून टाकला. एका बाजूला वेग द्या, दुसरीला तोफा आणि संथ सामान द्या, आणि नकाशावर खेळा.

दुसरी अडचण अशी की शेवट सगळ्यांना पाठ आहे. निजाम झालेला मित्र पुणं सोडणारच नाही. पंचाने नावं बदलावीत, नकाशा फिरवून काढावा, देश आणि काळही वेगळा सांगावा. आपण कोण होतो हे खेळाडूला शेवटीच कळू द्या.

आकड्यांबद्दल मात्र मी कडकपणे सांगतो. आलेला मजकूर पुढे ढकलणाऱ्याने तो तपासलेला नसतो. जुन्या कागदांतल्या मोठ्या आकड्यांत बाजारबुणगे, नोकरचाकर, यात्रेकरू मिसळलेले असू शकतात. लढणारे किती आणि खाणारे किती हे वेगळं काढल्याशिवाय तो आकडा खेळात घेऊ नका. कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना भेटा, कोणता ग्रंथ पाहावा ते विचारा.

प्रश्न (जत): सगळ्यांची मिनिएचर रंगवून झाली की सुरू करायचं ठरलंय. दोन वर्षं झाली.

येत्या रविवारी सुरू करा, आहेत तशी. रंगाच्या वाटेवर बसलेले गट खेळायला लागलेले मी फारसे पाहिले नाहीत.

प्रश्न (कुपवाड): मित्राने रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घेतलाय. माझ्या बेडरूममध्ये ठेवून सगळ्या गटाची मिनिएचर छापायचा विचार आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे. ठीक आहे ना?

बेडरूममध्ये नाही. न कडक झालेलं रेझिन, म्हणजे छपाईचं द्रव प्लास्टिक, त्वचेला बाधतं, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोड्या संपर्कानेही त्रास होतो. हवा खेळती असलेली, मुलीचा हात पोचणार नाही अशी वेगळी जागा हवी. नायट्रिलचे हातमोजे आणि चष्मा हवा. धुवायला वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल पटकन पेट घेतं, गॅस किंवा देवघरातल्या समईजवळ नको. धुतल्यावरचं ते अल्कोहोल किंवा उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका. घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क वापरा. आणि कुणी जुनी धातूची मिनिएचर दिली असतील तर त्यांत शिसं असू शकतं, ती मुलीच्या हाती पडता कामा नयेत. मुलीने एखादं तोंडात घातल्याची शंका आली तर घरगुती उपाय न करता बालरोगतज्ज्ञांकडे जा. तुमच्या किंवा मित्राच्या हाताला खाज, पुरळ आलं तर छपाई थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना रेझिनच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो सोबत न्या.