मला मुलगे आवडतात, ते आईच्या लाडामुळे का? मग स्वतःला समलिंगी म्हणावं का?

तुम्ही लिहिलंय की वय 24, नाशिकचेच, कॉलेजपासून मुलगेच आवडतात. कुठेतरी वाचलंत की आई फार जवळची आणि वडील तुटक असले की मुलगा असा होतो, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड म्हणतो. तुमचं घर नेमकं तसंच. आणि घरात स्थळं बघणं सुरू झालंय.

माझे वडील अंबडच्या एका कंपनीत पाळ्यांमध्ये काम करायचे. रात्रपाळी असली की दिवसभर आतल्या खोलीत झोपलेले, आणि आम्ही दोघं भाऊ टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचो. सगळं आईच. त्याच घरात वाढलेल्या भावाचं लग्न झालं, दोन मुलं आहेत. मी गे आहे. तरी कित्येक वर्षं मीही तुमच्यासारखाच लहानपणाची झडती घेत बसलो होतो.

ते सूत्र फ्रॉइडपेक्षा अमेरिकन मनोविश्लेषक अर्व्हिंग बीबर यांचं जास्त. 1962 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मनोविश्लेषण घेणाऱ्या 106 समलिंगी आणि 100 इतर पुरुषांची तुलना छापली. प्रश्नावल्या भरल्या कोणी, तर त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनीच. जे सुखाने जगत होते आणि कुणाकडे गेलेच नाहीत, ते त्यात येणार कुठून? 1973 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

फ्रॉइडने स्वतः 1935 मध्ये एका अमेरिकन आईला पत्रातून कळवलं होतं की यात लाजण्यासारखं काही नाही आणि याला आजार म्हणता येणार नाही. त्याच्या आधी, 1915 मध्ये, त्याने आपल्याच पुस्तकात एक टीप वाढवली: पुरुषाला फक्त बायकाच का आवडतात, हेही आपोआप समजण्यासारखं नाही, त्याचाही उलगडा व्हायला हवा. ही टीप मला तेव्हा ठाऊक नव्हती. कॉलेज रोडला, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर, मी ज्या बाईंकडे समुपदेशनाला जायचो, त्यांना मी पंधराव्यांदा विचारलं, "पण मी असा का झालो?" त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाला मुली का आवडतात, हे घरात कधी कुणी विचारलं?" मी गप्पच झालो.

तिथे दोन वर्षं जाऊन माझ्या आवडीचं कारण सापडलं नाही. दाराशी वडिलांच्या चपला वाजल्या की माझा हात आपोआप मोबाइल पालथा का घालतो, ते मात्र कळलं. आता नाही घालत.

तेव्हा 'का' चं उत्तर मिळेपर्यंत नाव अडवून ठेवू नका. तुम्ही काय अनुभवता ते तुम्हालाच ठाऊक. समलिंगी म्हणा, पुढे उभयलैंगिक (मुलगे आणि मुली दोन्ही आवडणारा) जास्त जवळचं वाटलं तर तसं म्हणा, किंवा सध्या काहीच म्हणू नका. घरचे डॉक्टरांकडे न्यायचं म्हणाले तर जा, पण पहिल्याच भेटीत विचारा, "हे बदलायचा प्रयत्न करणार का?" हो म्हणाले तर उठून या. असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

स्थळं मात्र आजच थांबवा. खरं सांगायची हिंमत होत नसेल तर नोकरीचं कारण द्या, वर्षभर मागून घ्या. पण पोह्यांच्या बशीसमोर जाऊन बसू नका. समोरच्या मुलीला यातलं काहीच माहीत नसतं.