क्रोएशियनमध्ये 'शनिवारी' म्हणायला कधी 'ऊ सुबोतू' तर कधी 'सुबोतोम' असं का?

पुढच्या महिन्यात नोकरीसाठी झाग्रेबला येताय असं लिहिलंय तुम्ही, तर हे आधीच पक्कं करा. मी इथे आल्यावर नेमकी यातच अडकले होते.

'सुबोता' म्हणजे शनिवार. एका ठरावीक शनिवारची गोष्ट असेल तर 'ऊ सुबोतू', दर शनिवारची असेल तर नुसतं 'सुबोतोम'. शाळेतल्या विभक्त्या आठवा: पहिली द्वितीया, दुसरी तृतीया. आपण 'शनिवारी' या एका सप्तमीवर दोन्ही भागवतो, म्हणून घोळ होतो. शेजारच्या आजींना मी एकदा 'रादीम सुबोतोम' म्हणाले. सांगायचं होतं, या शनिवारी कामावर जायचंय. त्यांना वाटलं, मला शनिवारची सुट्टीच नाही! कितीतरी दिवस त्या हळहळत होत्या. 'रादीम ऊ सुबोतू' म्हणायला हवं होतं. मराठीतही 'तो सकाळचा फिरायला जातो' म्हणताना सवय विभक्तीतूनच कळते की.

स्रियेदा, सुबोता, नेद्येल्या हे तीन वार स्त्रीलिंगी. 'ऊ'नंतर त्यांच्या शेवटच्या 'आ'चा 'ऊ' होतो. बाकीचे चार पुल्लिंगी, तसेच राहतात: 'ऊ पेताक', शुक्रवारी. सवय सांगताना मात्र मधला 'आ' गळून 'पेत्कोम' होतं.

नेद्येल्या, म्हणजे रविवार, हा शब्दच 'काम न करणे' यातून आलाय. 2023च्या जुलैपासून इथल्या बहुतेक दुकानांना वर्षाला 16च रविवार उघडता येतात, त्यामुळे 'नेद्येल्योम' बंद ही पाटी ओळखायला शिकाच. सोमवार 'पोनेद्येल्याक', रविवारनंतरचा. आठवडा तिथून मोजतात, म्हणून पाचवा तो पेताक. 'पेत' म्हणजे पाच.

'गेल्या शनिवारी'ला षष्ठी: 'प्रोश्ले सुबोते'. इथे 'ऊ' लावू नका.

कार्यक्रमाला 'ना' लागतो (हा आपला नकार नव्हे). मैफलीला जातेय, 'ईदेम ना कोन्त्सेर्त'. मैफलीत आहे, 'ना कोन्त्सेर्तू'. जाण्याला द्वितीया, असण्याला सप्तमी. इमारतीला मात्र बहुधा 'ऊ': 'ऊ कझालिश्ते ना प्रेद्स्तावू', नाट्यगृहात नाटकाला.

ऑफिसातल्या कुणाला पहिल्याच आठवड्यात विचारून बघा, 'येस्ते ली स्लोबोद्नी ऊ पेताक?', शुक्रवारी मोकळे आहात का? 'पेत्कोम' म्हणालात तर ते दर शुक्रवारचं उत्तर देतील.