दिवाळीनंतर मुले परत का येत नाहीत: आश्रमशाळेतल्या वह्यांतून कारण कसे शोधावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी भागातली शासकीय आश्रमशाळा, पहिली ते दहावी, पटावर 400 च्या आसपास मुले. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीतली बरीच मुले परतत नाहीत. त्याची कारणे शोधायला 60 प्रश्नांचा फॉर्म छापायचा आहे, तो कसा असावा?

फॉर्म इतक्यात छापू नका. निम्मे उत्तर शाळेच्या कपाटातच आहे.

हजेरीपट, जनरल रजिस्टर, अधीक्षकांकडची रजेची वही, आजारी मुलांची वही, कोठीची वही अशा गेल्या 3 वर्षांच्या नोंदी काढा. मूल सलग 7 दिवसांहून जास्त गैरहजर राहिले, की त्या गैरहजेरीची एक ओळ लिहायची. एकच मूल वर्षात तीनदा गेले तर तीन ओळी. रकाने मोजकेच ठेवा: इयत्ता, मुलगा की मुलगी, पाडा, घरची भाषा, शेवटचा हजर दिवस, परतल्याचा दिवस, आणि जाण्याआधीच्या 10 दिवसांत काय घडले (ताप, खरूज, सण, भावंड घरी गेले, परीक्षा). नावाऐवजी क्रमांक टाका आणि नाव-क्रमांकाची यादी मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवा.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे रजेच्या वहीत सगळीकडे ‘घरगुती कारण’ एवढेच लिहिलेले असते. मागचे आता सुधारणार नाही, पण या जूनपासून ते दोन शब्द लिहायला बंदी करा. त्याऐवजी न्यायला कोण आले, कशाने आले आणि परत कधी आणतो म्हणाले, एवढे लिहा. दुसरा घोटाळा तारखांचा. दिवाळी 2023 साली 12 नोव्हेंबरला होती, 2025 साली 20-21 ऑक्टोबरलाच. नोव्हेंबरची हजेरी नोव्हेंबरशी ताडून पाहिली तर भलताच निष्कर्ष निघतो. म्हणून शाळा उघडल्यापासूनचा पहिला आठवडा, दुसरा आठवडा, असे मोजा. होळीचेही तसेच. सातपुड्यात भोंगऱ्या बाजारापासून (होळीआधी भरणारे आदिवासींचे बाजार) मुले घरी असतात, ते गृहीतच धरा. होळी संपल्यावर किती दिवसांनी परततात, तेवढे पाहा.

हजेरीपटावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 2 आठवडे रोज रात्री जेवणाची ताटे मोजा आणि पटावरच्या आकड्याशेजारी लिहा. फरक दिसेल. मात्र त्यावरून कुणाला नोटीस काढलीत, तर महिन्याभरात ताटांचा आकडाही पटाशी जुळलेला मिळेल आणि पुढचे सगळे काम वाया जाईल.

ओळी आठवड्यांप्रमाणे मांडल्या की साधारण तीन आकार दिसतात. जून ते ऑगस्टमध्ये विखुरलेली गैरहजेरी बहुधा नव्या मुलांची असते: घरची ओढ, ताप, खरूज. एकाच पाड्याची 5-6 मुले एका दिवशी गेली, तर त्या पाड्यावर किंवा वसतिगृहात काहीतरी घडले आहे. तिथे त्याच आठवड्यात जाऊन विचारा. दिवाळीनंतरची लांबत जाणारी शेपटी बहुतेक स्थलांतराची. गुजरातकडे ऊसतोडीला टोळी निघते, एका कोयत्यावर, म्हणजे तोडणीच्या जोडीत, आई-बाप दोघे असतात, धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण लागते. हे शोधायला डिसेंबरमध्ये फॉर्म भरून उपयोग नाही, कारण घराला तेव्हा कुलूप असते. सप्टेंबरच्या पालक सभेत एवढेच विचारा: मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली का, आणि निघणार कधी. ती यादी दिवाळीच्या सुट्टीआधी हातात असली पाहिजे.

आता मुलांशी बोलणे. मराठीतून ‘इथे काही त्रास आहे का?’ असे विचारले, की ‘नाही सर’ हेच उत्तर येते. पावरी किंवा भिली बोलणारी, शाळेच्या नोकरीत नसलेली व्यक्ती हवी, मुलींसाठी बाई. शाळेतून शिकून गेलेल्या मुली हे काम उत्तम करतात. 6-8 जणींचा गट घ्या, मोठा कागद द्या, वसतिगृहाचा नकाशा त्यांनाच काढू द्या. मग दोन रंगांचे खडू: दिवसा जिथे जावेसे वाटत नाही तिथे एक, रात्री जिथे जात नाहीत तिथे दुसरा. बऱ्याचदा रात्रीचा रंग संडासाच्या वाटेवर दाट होतो. तिथे जाऊन पाहावे तर बल्ब गेलेला, दाराला आतून कडी नाही, पाण्याची टाकी बाहेर. मग मुली संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. 60 प्रश्नांच्या फॉर्ममध्ये कडीचा प्रश्न कुणाला सुचला असता?

नकाशा काढताना एखादी मुलगी गंभीर गोष्ट सांगू शकते. त्यामुळे ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन आधी देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा, 2012 नुसार ती कळवणे बंधनकारक आहे. कोण कळवणार, त्या रात्री मुलगी कुणाजवळ राहणार, हे गट बसवण्याआधीच ठरलेले असावे. पालकांची संमती जूनच्या प्रवेशावेळी त्यांच्या भाषेत समजावून घ्या, आणि मुलीला ‘मी बसत नाही’ म्हणायची मोकळीक द्या.

आरोग्याची मोजणी साधी ठेवा. वजन आणि हिमोग्लोबिन जूनमध्ये घ्या आणि दिवाळीहून आल्यावर पुन्हा. 5 ते 11 वयाला 11.5 आणि 12 ते 14 वयाला 12 ग्रॅमखाली असेल तर रक्तक्षय धरतात. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी शिल्लक असेल तर करून घ्या. आजार निघालेल्या मुलांना लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. खरजेकडे दुर्लक्ष नको, रात्रभर खाजवणारे मूल वर्गात झोपते आणि संधी मिळताच घरी जाते. एकेकट्याला मलम देऊन ती जात नाही. पूर्ण खोलीला एकाच दिवशी औषध, त्याच दिवशी कपडे-चादरी गरम पाण्यात किंवा कडक उन्हात, आणि आठवड्याने पुन्हा औषध. दुसरी फेरी चुकते म्हणूनच ती परत येते.

उपाय एका वेळी एकच बदला. समजा, दिवाळीनंतर ठरलेल्या दिवशी पाड्यांवरून मुले आणायला गाडी पाठवायची आहे. पहिल्या वर्षी निम्म्या पाड्यांवरच पाठवा, पाडे चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि तिसऱ्या आठवड्याअखेर दोन्हीकडची परतलेली मुले मोजा. 40 पैकी 3 मुलांचा फरक पडला तर तो योगायोगही असू शकतो. लगेच अहवाल पाठवू नका, अजून एक वर्ष पाहा. गाडी, नवा अधीक्षक आणि नवा मेनू एकाच वर्षी आले, तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याची एक शिक्षणसेवा केप यॉर्कच्या दुर्गम वस्त्यांतल्या मुलांसोबत निवासी शाळेत जाण्याआधीपासून काम करते, आणि मूल शाळा सोडून घरी आले तरी त्याला दुसरीकडे प्रवेश मिळवायला मदत करते. हे आपल्याकडे नक्की घ्यावे. गळालेल्या मुलांची यादी पटावरून पुसू नका. ऊसतोडीहून पालक परतले की बाजाराच्या दिवशी त्यांना गाठा. पाड्यावर फोनला रेंज नसते, बाजारात भेट होते.

बाहेरचे संशोधक आले तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी पाहा आणि दोन अटी घाला: एका मुलाचे 20 मिनिटांहून जास्त घेऊ नये, आणि निष्कर्ष 3 महिन्यांत शाळेला मराठीत द्यावेत. तुमचे स्वतःचे निष्कर्षही पाड्यावर तोंडी सांगा, पावरीत, दोन-तीन आकडे आणि तो नकाशा घेऊन. नकाशावर कुणाचे नाव नाही ना, हे मात्र निघण्याआधी तपासा.