सायंटिफिक नोटेशनमधल्या संख्यांचा भागाकार करताना घात नेहमी चुकतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की भागाकार येतो पण शेवटी घात एकाने नाहीतर दोनाने चुकतो, आणि घात ऋण असला की पार गोंधळ होतो. सेम प्रॉब्लेम माझ्या भाचीचा होता, अकरावीला आहे ती, त्यामुळे हे ताजं आहे माझ्या डोक्यात. (इथे घात वरती लिहिता येत नाहीये, म्हणून १०^५ असं लिहितो, म्हणजे दहाचा पाचवा घात. सायंटिफिक नोटेशन म्हणजे संख्या 'छोटा आकडा गुणिले दहाचा घात' अशी लिहिणं, जसं ३ लाख म्हणजे ३ × १०^५.)

आधी एक गोष्ट. १२ कोटी रुपये ३ लाख लोकांत वाटले तर माणशी किती? कुणीही कागद न घेता ४०० सांगेल. १२ ला ३ ने भागलं, ४ आले, एका कोटीत शंभर लाख असतात म्हणून चारावर दोन शून्यं. झालं. तुम्ही आकडे वेगळे भागलेत आणि कोटी-लाख वेगळे भागलेत. कोटी म्हणजे १०^७, लाख म्हणजे १०^५, ७ मधून ५ गेले, उरले २. सायंटिफिक नोटेशनमध्ये याच्यापेक्षा वेगळं काहीही नाहीये, आकड्याला आकड्याने भागा, घातातून घात वजा करा.

मग चुकतं कुठे? दोनच जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे छेदातला ऋण घात. भाचीला गणित होतं, प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या किती पट जड आहे. प्रोटॉनचं वस्तुमान १.६७३ × १०^−२७ किलो, इलेक्ट्रॉनचं ९.१०९ × १०^−३१ किलो. बाईसाहेबांनी २७ आणि ३१ ची बेरीज करून १०^−५८ लिहून ठेवलं आणि पुढच्या गणिताला लागल्या पण. मी म्हटलं, अगं प्रोटॉन जड असतो ना, मग उत्तर एकापेक्षा मोठं यायला नको? तर म्हणे, "मामा, ते मी बघितलंच नाही." तेच तर बघायचं असतं! −२७ मधून −३१ वजा करायचे आहेत, म्हणजे −२७ − (−३१), म्हणजे −२७ + ३१, म्हणजे ४. तो कंस लिहायचा कंटाळा करू नका, मी तर तिला सांगितलंय कंस दिसला नाही तर मी वही बघणारच नाही.

आता आकडे, १.६७३ भागिले ९.१०९ म्हणजे साधारण ०.१८३७. उत्तर झालं ०.१८३७ × १०^४. हे चूक नाही, पण दशांश चिन्हाच्या आधी एक ते नऊमधला एकच अंक पाहिजे, म्हणून १.८३७ × १०^३. म्हणजे प्रोटॉन जवळपास १८३७ पट जड (आकडे अजून नेमके घेतले तर १८३६ च्या थोडं वर येतं, पुस्तकात १८३६ दिसलं तर घाबरू नका).

आणि ही शेवटची जी सरकवासरकवी आहे ना, तीच दुसरी जागा. इथे मुलं पाठ करतात "उजवीकडे सरकवलं की वजा, डावीकडे की अधिक" आणि परीक्षेत नेमकं उलटं आठवतं. पाठ करू नका. पाण्याचं उदाहरण घ्या, १८ ग्रॅम पाण्यात ६.०२२ × १०^२३ रेणू असतात, तर एका रेणूचं वजन किती? १८ म्हणजे १.८ × १०^१. १.८ भागिले ६.०२२ म्हणजे ०.२९९, घात १ − २३ = −२२. उत्तर ०.२९९ × १०^−२२ ग्रॅम. आता ०.२९९ चे २.९९ केले म्हणजे आकडा दहापट मोठा झाला, तर पुढच्या १०^−२२ ने दहापट लहान व्हायला पाहिजे, म्हणजे घात एकाने कमी, नाहीतर वजनच बदलेल. −२२ पेक्षा लहान −२३, −२१ नव्हे. उत्तर २.९९ × १०^−२३ ग्रॅम. बहुतेक जण −२१ लिहितात कारण २२ पेक्षा २१ लहान वाटतो, पुढचं वजाचं चिन्ह डोळ्यांना दिसतच नाही.

बारावीला महाराष्ट्र बोर्डात असाल तर फिजिक्सच्या पेपरला कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल. तिथेही घात टेबलात घालू नका, बाजूला ठेवा. फक्त १.६७३ चा लॉग ०.२२३५, ९.१०९ चा ०.९५९५, वजाबाकी केली की बार १ (म्हणजे −१) आणि पुढे .२६४०, अँटिलॉग काढला, म्हणजे लॉगवरून परत मूळ आकडा शोधला, की ०.१८३७. बाजूला ठेवलेला १०^४ शेवटी आणून जोडा.

कॅल्क्युलेटर वापरत असाल तर छेदाला कंस घाला. ६ × १०^२४ ÷ ३ × १०^८ असं सरळ टाइप केलं तर तो शेवटच्या १०^८ ने गुणतो आणि २ × १०^३२ दाखवतो, खरं उत्तर २ × १०^१६ आहे. नाहीतर घातासाठी जे ईएक्सपीचं बटण असतं ते वापरा, पण त्याच्या आधी परत १० दाबू नका, ते १० त्या बटणातच आहे. मी कॉलेजला पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला अख्खं टेबल तसं १० दाबून भरलं होतं, प्रत्येक रीडिंग बरोब्बर दहापट. सरांनी विचारलं सगळी चूक इतकी शिस्तीत कशी काय केलीस, आणि जर्नल परत लिहायला लावलं.